चार कॉईलची गोष्ट

मंगळवारी सकाळी ताईचे मामेसासरे वारले. दुपारी ताईचा फोन आला. संध्याकाळी मी बारामतीच्या स्टँडवर उतरले, तेव्हा माणसं त्यांना पोचवून परत येत होती.

या जगात जे काही बिघडतं ते बेअरिंग गेल्यामुळे, वाइंडिंग जळाल्यामुळे किंवा मालक गाढव असल्यामुळे, याखेरीज चौथं कारण नाही, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. देवाधर्मावर त्यांचा विश्वास बेताचा, डॉक्टरांवर त्याहून बेताचा, आणि पुढाऱ्यांचा विषय निघाला की ते नुसतंच "सिंगल फेज", म्हणजे गुणगुणणार पण फिरणार नाही, म्हणून थुंकायचे. ताईचे मामेसासरे हे नातं उच्चारायला लांब आणि निभवायला त्याहून अवघड. ताईच्या सासूबाईंचे ते थोरले भाऊ. म्हणजे आम्ही मुलीकडच्या लोकांनी त्यांच्यासमोर खाली मान घालून बसायचं, ते म्हणतील त्याला हो म्हणायचं, आणि हसू आलं तर ते तोंडातल्या तोंडात गिळायचं. मी ओढणीचं टोक तोंडात धरायची. त्या काळातल्या माझ्या सगळ्या ओढण्या एका टोकाला चावून विरलेल्या आहेत.

हे नव्वदीच्या मधल्या वर्षांतलं. बारामतीत भिगवण रस्त्याच्या एका गल्लीत खाली मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि वर ताईचं बिऱ्हाड होतं. मामी लवकर गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मामा दुकानातच झोपायचे आणि जेवायला वर यायचे. विहिरीवरच्या, कॅनॉलवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की लोक त्या जीपमध्ये नाहीतर ट्रॅक्टरमध्ये घालून त्यांच्याकडं आणायचे. आतली जळकी तार उपटून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, हा त्यांचा धंदा. पण मामा मोटारीला लगेच हात लावत नसत. आधी तिचा वास घ्यायचे, डोळे मिटून, लग्नात मनगटावरचं अत्तर हुंगावं तसा. एकदा बावड्याचे दोघे भाऊ मोटार घेऊन आले. मामांनी वास घेतला आणि जाहीर केलं, "ही पान्यानं जळाली न्हाय. ही भांडनानं जळालीय. एकानं चालू करायची, दुसऱ्यानं बंद करायची, धा मिंटात चार डाव. आरं, मोटार हाय का पाळणा?" दोघांच्या माना खाली गेल्या. थोरला दबकत म्हणाला, "मामा, एवढं वासावरनं कळतं व्हय?"

"वासावरनं न्हाय," मामा म्हणाले. "येका मोटारीसाठी तुमी दोगं दोन जीपा करून आलाय, त्यावरनं."

वासानंतर कान. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला, आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. धंद्यातले सगळेच असं करतात, पण मामा मोटारीपाशी थांबत नसत. ताईचा मिक्सर, भाऊजींची स्कूटर, भिंतीवरचं घड्याळ, शेजारच्यांचा फ्रीज, सगळ्यांना ते स्क्रू-ड्रायव्हर लावून बसायचे. ताईच्या सासूबाईंना दमा होता. एकदा त्या दुपारच्या झोपल्या असताना मामांनी त्यांच्या पाठीला स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि त्या दचकून उठल्यावर अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "चंपे, बेअरिंग शाबूत हाय. ग्रीस कमी पडलंय, तूप खा." साठीला आलेल्या बाईला सुनेसमोर कुणी चंपे म्हटलेलं आवडत नाही. त्या दिवशी मामांचं जेवण खाली दुकानात पाठवावं लागलं.

मोटार तयार झाली की शेवटची परीक्षा चहाची. मोटार चालू करून तिच्या पाठीवर चहानं काठोकाठ भरलेली बशी ठेवायची. चहा हिंदकळला तर मोटार पुन्हा खोलायची. नुसता थरथरला तर गिऱ्हाईकाला चार दिवसांनी बोलवायचं. चहा स्थिर राहिला, तर तो प्यायचा आणि मोटार द्यायची. यामुळे मामांनी दिलेली मोटार वर्षानुवर्षं चालायची आणि मामांना गरम चहा कधीच मिळायचा नाही.

जळालेल्या मोटारींतून वाचलेलं सामान ते आनंदाच्या कामात खर्ची घालत. ताईच्या लग्नात मुलीकडच्यांनी मांडलेल्या रुखवतात मुलाकडच्या मामांनी आपली एक वस्तू घुसवली होती. मडकं, त्यात रवी, खाली मोटार. बटण दाबलं की रवी आपोआप ताक घुसळणार. बटण दाबायचा मान वराच्या वडिलांना दिला. रवी फिरली, अशी फिरली की पहिल्या तीन रांगांतले फेटे पांढरे झाले. माझी आई रडायच्या बेतात आली. मामा मात्र मडक्यापाशी उकिडवे बसून समाधानानं बघत होते. "ताक उडालं ते सगळ्यांनी बघितलं," ते नंतर म्हणाले. "रवी येकदा तरी अडकली का, ते कुनी बघितलं न्हाय."

अशा माणसाच्या डोक्यावर मी राहायला आले ती बारावी होऊन, बारामतीच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश घेऊन. आमच्या बावड्यात ज्याला बरे मार्क पडतात तो सायन्सला जातो, तशी मीही गेले. पहिल्या वर्षाला नापास झाले. मग कॉमर्सला गेले. तिथं वर्गात बसलं की मला झोप यायची आणि लायब्ररीत बसलं की भूक लागायची नाही. मी दिवसभर लायब्ररीत बसायला लागले. पुढं काय करायचं, असं कुणी विचारलं की मी पायाच्या अंगठ्याकडं बघायची. मला खरंच माहीत नव्हतं. कादंबऱ्या वाचणं हे काही करणं नव्हे, एवढं कळत होतं.

पावसाळ्याच्या मध्यावर आबा, म्हणजे माझे वडील, बावड्याहून आले. कॉलेजातून त्यांना पत्र गेलं होतं, हजेरी भरत नाही म्हणून. आबा माझ्यावर ओरडले नाहीत. ते रीतीप्रमाणे खाली दुकानात मामांपुढं जाऊन बसले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"पाव्हणं, कोऱ्हाळ्याचं एक स्थळ आलंय," आबा म्हणाले. "मानसं बरी हायत. गणपतीच्या दिवसात बघायला येतो म्हणत्यात. पोरीचं शिकन्यात मन न्हाय. दोन वर्सं बघितलं. आता तुमी म्हना काय ते."

मामांनी मला हाक मारली. आपादमस्तक न्याहाळलं. स्क्रू-ड्रायव्हर उचलला. तो ते आता माझ्या कपाळाला लावतात की काय, असं वाटून मी मागं सरले. त्यांनी त्यानं फक्त स्वतःची पाठ खाजवली.

"आबा, मोटार फिरतीय पर पानी येत न्हाय, मंजी काय झालं?"

"उलटी फिरत आसंल," आबा म्हणाले. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं. मोटारीला तीन वायरी. त्यांतल्या दोन चुकून इकडच्या तिकडं जोडल्या की मोटार उलटी फिरते, आवाज तोच, गती तीच, फक्त पाणी चढत नाही.

"मंग जळाली का ती?"

"न्हाय."

"मंग हिला कोऱ्हाळ्याच्या भंगारात कशापाय घालतायसा? दोन वायरी बदला."

"कंच्या दोन?" आबांनी विचारलं. ते भाबडेपणानं विचारत होते.

मामांनी डोकं खाजवलं. "त्येच हुडकायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले.

आबांनी कोऱ्हाळ्याच्या पाहुण्यांना नकार कळवला नाही. गणपतीपर्यंत पोरीनं काय ते ठरवावं, नाहीतर पाहुण्यांना पोहे करावेत, असं सांगून ते दुपारच्या गाडीनं गेले.

मामांच्या दुकानात त्याच सुमाराला एक क्रांती झाली होती. तोवर ते तारेचे वेढे हातानं घालत आणि तोंडानं मोजत. मोजताना कुणी बोललं की आकडा चुकायचा, आणि आकडा चुकला की सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं दिवसातला निम्मा वेळ हा माणूस नाइलाजानं गप्प असायचा. मग त्यांनी वेढे मोजणारं मशीन आणलं. हँडल फिरवलं की आकडा आपोआप पुढं सरकायचा. तीस वर्षं मोजण्यात अडकलेलं मामांचं तोंड मोकळं झालं आणि गल्लीची शांतता संपली. स्वतःचं बोलून झाल्यावर त्यांना ऐकण्याचीही भूक लागली. "ए पोरी, दिसभर पुस्तकात डोकं घालून बसतीस, त्यातलं कायतरी सांग की," असं म्हणून त्यांनी मला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं. वर, "लांबन लावू नगं. चार कॉईल भरायच्यात. चार कॉईलची सांग," अशी ऑर्डर दिली.

एका कॉईलला, म्हणजे तारेच्या वेढ्यांच्या एका जुडग्याला, सहा-सात मिनिटं लागत. पहिल्या कॉईलमध्ये माणसं समजली पाहिजेत, दुसरीत काहीतरी बिघडलं पाहिजे, तिसरीत मामांचं हँडल जरा हळू फिरलं पाहिजे, आणि चौथी कॉईल बांधून होताना गोष्ट संपली पाहिजे. मी वाचलेल्या कादंबऱ्या सांगू लागले. मामा समीक्षक म्हणून भयंकर होते. "ही बाय तीन कॉईल झालं रडतीय. हिला कुनी काम देत न्हाय का?" "ह्यो जमीनदार येवडा वाईट हाय, तर गडी त्येच्याकडंच का ऱ्हातोय? दुसरीकडं जा म्हनावं." "हितं वायर लूज हाय, पोरी. आत्ता आजारी व्हता, आत्ता घोड्यावर बसला?" मी घरी जाऊन, म्हणजे वर जाऊन, त्या जागा तपासायची. वायर खरोखरच लूज असायची.

महिनाभरात लायब्ररीतल्या गोष्टी कमी पडायला लागल्या. एके दिवशी माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि मामांनी तर हँडल हातात घेतलेलं. मी बाभळीखाली म्हशी राखणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सुरू केली. त्याची एक म्हैस दररोज संध्याकाळी चुकीच्या घरी जायची. पुढं काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. कॉईल पुढं सरकत होती म्हणून मीही सरकत होते. तिसऱ्या कॉईलमध्ये हँडल थांबलंच. चौथी बांधून झाल्यावर मामांनी दातातलं तारेचं टोक काढलं.

"हे पुस्तकातलं न्हाय," ते म्हणाले.

"पुस्तकातलंच आहे, मामा."

"खोटं बोलू नगं. पुस्तकातली मानसं म्हशीला येवड्या आपल्या शिव्या देत न्हाईत."

मी ओढणीचं टोक तोंडात घातलं. मामांनी आकडा शून्यावर आणला, नवी तार लावली आणि म्हणाले, "ती म्हस नंतर कुठं गेली ते उद्या सांग."

मग गणपती आले. दर वर्षी मामा इंदापूरच्या एका मंडळाचा हलता देखावा करायचे, कारण त्या आळीत त्यांचे भाऊबंद राहत. मामांचं मूळ गाव उजनीच्या पाण्यात गेलेलं. गाव उठलं तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. काही लोक इंदापूरला येऊन राहिले, काही भिगवणला, मामा बारामतीला. या विषयावर ते कधी बोलत नसत. भिगवणच्या पुलावरून एसटी जाताना सगळे खिडकीतून पाणी बघायचे, मामा कंडक्टरच्या पाठीकडं बघायचे, एवढंच मला माहीत होतं. त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी विषय ठरवला, 'धरण आले, वैभव आले'. अध्यक्षांचं औषधफवारणीच्या पंपांचं दुकान होतं आणि वैभवावर त्यांची श्रद्धा होती. पत्र्याची मोठी टाकी पाण्यानं भरायची, वर अँगलचा सांगाडा, त्याच्यावरून चार तारांनी लोंबणारी फळी, फळीवर गाव. मोटार चालू झाली की तारा रिळावरून सुटून सैल होणार आणि गाव सावकाश पाण्यात बुडणार. ते बुडालं की अध्यक्ष स्वतः बटण दाबून हिरवा दिवा लावणार, म्हणजे वैभव. निवेदन लिहायचं काम मामांनी परस्पर माझ्या गळ्यात टाकलं. वाचायचं एका खणखणीत आवाजाच्या मास्तरांनी.

गाव मामांनी स्वतः केलं, दुकानात, तीन आठवडे खपून. मी पायरीवर वही घेऊन बसायची आणि ते बोटानं माती दाबत सांगायचे. ही चावडी. हे देऊळ, ह्याची पायरी एका बाजूनं खचलेली. हे सुताराचं घर, ह्याच्या ओट्यावर कायम एक मांजर. ही आमची आळी. ही आमच्या चुलतीच्या दारातली शेवग्याची शेंग तोडायला लावलेली शिडी, शिडीवरनं मी पडलो तेव्हा चुलती आधी शेंगा मोजायला पळाली. या माणसाच्या तोंडून मोटारीखेरीज कशाचं वर्णन मी पहिल्यांदाच ऐकत होते. वहीत वैभवाचं एकही वाक्य नव्हतं, मांजर आणि शिडी होती. गाव सगळं कच्च्या मातीचं होतं, वरून चुन्याचा हात. मी म्हटलं, "मामा, हे पाण्यात विरघळेल. पहिल्याच दिवशी. पुढचे पाच दिवस काय दाखवणार?"

"खरं गाव काय भाजलेलं व्हतं?" मामा म्हणाले आणि चुन्याचा ब्रश धुवायला उठले.

देखावा उघडायच्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. तालमी करून करून मास्तरांचा घसा बसला. त्यांच्या तोंडून फक्त हवा येत होती. आणि संध्याकाळी सातला लाइट गेली. अध्यक्षांनी धावपळ करून जनरेटर आणला. मामांनी त्याच्या तीन वायरी स्वतः जोडल्या आणि मोटारीपाशी, म्हणजे स्टेजच्या खाली, फळ्यांच्या अंधारात जाऊन बसले. जाता जाता मला म्हणाले, "मास्तर गेलं. आता तू वाच."

"मला नाही जमायचं. मला माइकची भीती वाटते."

"माइक चावत न्हाय. चार कॉईलची हाय. मी खाली बसून ऐकतोय."

मी टाकीमागं पडद्याच्या आडोशाला उभी राहिले. फटीतून गर्दी दिसत होती. पुढं बायका, पोरं, धरणात गेलेल्या गावाची म्हातारी माणसं. मागं, सायकलींच्या रांगेला टेकून, आबा. ते बाजाराला आले होते. रविवारी कोऱ्हाळ्याचे पाहुणे येणार, हे सांगायला थांबले होते.

पडदा उघडला. मी वाचायला लागले. आवाज इतका बारीक निघाला की कुणीतरी ओरडलं, "ओ, माइकमधी मांजर बसलंय!" लोक हसले. पुढच्याच ओळीत सुताराच्या ओट्यावरचं मांजर होतं; ते वाचल्यावर म्हातारे हसले, पण निराळं. मला धीर आला. मग ते वाक्य आलं, 'आणि एके दिवशी पाणी आलं.' ही मामांची खूण. खाली मोटार सुरू झाली.

गाव वर जायला लागलं.

आधी मला वाटलं, मलाच चक्कर आली. फळी बुडायच्या ऐवजी पाण्यापासून दूर चालली होती. चावडी, देऊळ, सगळी आळी, डुलत डुलत आभाळाच्या दिशेनं. कागदावर पुढचं वाक्य होतं, 'पाहता पाहता गाव दिसेनासं झालं.' मी माइकवर हात ठेवून फळ्यांच्या फटीत तोंड घातलं.

"मामा! वर चाललंय!"

"आँ?"

"गाव वर चाललंय! वायरी उलट्या लागल्यात! बंद करा!"

खाली मोटार चालूच होती.

"चाललंय तर जाऊ दे की वर," मामांचा आवाज आला. "तू बोल. दुसरी कॉईल चाललीय तुजी."

मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "पाणी आलं. गावानं पाणी बघितलं. आणि गाव म्हणालं, आपण नाही जायचं खाली. मग गाव उठलं. आधी देवळानं खचलेली पायरी सावरली. मग चावडी उठली. सुताराच्या ओट्यावरचं मांजर तेवढं उठलं नाही, त्याला ओट्यासकट उचलावं लागलं." कुणीतरी हुंदका दिल्यासारखं हसलं. एक म्हातारी पुढं आली, मांडवाचा बांबू धरून वर बघत तिनं ओरडून विचारलं, "पोरी, बारवंजवळचं घर हाय का त्यात? दारात लिंब व्हता!"

मामांच्या सांगण्यातून मला बारव माहीत होती. लिंब माहीत नव्हता. "आहे, आजी," मी माइकवर म्हणाले. "लिंबासकट आहे. खाली खाट टाकलीय."

"कुनी टाकली?"

"तुमच्यासाठी टाकलीय. सगळे आलेत, तुमचीच वाट बघतात."

मग विचारणारे वाढले. आमचा गोठा हाय का? हाय. तालमीचा कट्टा? हाय. मी एकेक घर वर नेत होते आणि मोटार नेत होती. अध्यक्षांना काय करावं कळेना. इतके दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो चुकू नये म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि हिरव्या उजेडात ते गाव, पाण्याच्या हातभर वर, लोंबत राहिलं. फळी सांगाड्याला आदळायला वीतभर उरली असताना मोटार बंद झाली.

टाळ्या वाजल्या नाहीत. बायका डोळे पुसत होत्या आणि नंतर सगळे एकदम बोलायला लागले.

अध्यक्ष मामांवर धावून गेले. "मामा, अख्ख्या दुनियेला शिकवता, आणि सवताच दोन वायरी उलट्या?"

"चुकलं," मामा म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. दुसऱ्या दिवशी वायरी सरळ करायचं ठरलं, पण सकाळीच आळीतली म्हातारी माणसं काठ्या टेकत मंडळात आली आणि वायरीला कुणी हात लावून बघावाच, असं म्हणाली. पुढचे पाचही दिवस गाव वरच गेलं. रोज नवी घरं विचारायला भिगवणहूनसुद्धा माणसं आली.

त्या पहिल्या संध्याकाळी, देखावा संपल्यावर, चहाच्या टपरीवर आबा माझ्या शेजारी बसले. मामांनी बशी सवयीनं जनरेटरवर ठेवली होती. चहा केव्हाच सांडून गेला होता.

"ते लिंबाचं आदी लिवलं व्हतंस?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

"आजींनी विचारलं म्हणून सांगितलं."

आबांनी ग्लास खाली ठेवला आणि ते मामांना म्हणाले, "पाव्हणं, उद्याच कोऱ्हाळ्याला निरोप धाडतो. पोरगी शिकतीय म्हनून सांगतो."

"काय शिकतीय म्हनून सांगशीला?"

आबा माझ्याकडं बघायला लागले. मी अंगठ्याकडं बघितलं नाही. "मराठी," मी म्हणाले. "जूनमध्ये आर्ट्सला जाते. मला गोष्टी लिहायच्यात."

"त्येला काय स्कोप हाय?" आबांनी काळजीनं मामांना विचारलं.

"काय न्हाय," मामा म्हणाले. "पर मोटार सरळ फिरतीय. पानी आज ना उद्या येतंय."

पुढं मी गोष्टी लिहिल्या. त्यांतल्या बऱ्याच चार कॉईलच्या आहेत. त्याहून लांब लिहायला बसले की मला वायर लूज झाल्यासारखी वाटते. पहिलं पुस्तक निघालं तेव्हा मी ते मामांना अख्खं वाचून दाखवलं. ऐकून त्यांनी पुस्तक कानाला लावलं, थोडं हलवलं, आणि म्हणाले, "बेअरिंगचा आवाज न्हाय." माझ्या लेखनाची याहून चांगली समीक्षा कुणी केलेली नाही.

शेवटचे आठ दिवस ते दवाखान्यात होते. ताई सांगत होती, बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. सोमवारी संध्याकाळी त्यांनी तिला जवळ बोलावलं. तिला वाटलं, काही सांगायचं असेल. मामा वरच्या पंख्याकडं बोट करून म्हणाले, "त्येचं ग्रीस संपलंय."

परवा भाऊजी आणि मी दुकान आवरायला बसलो. मशीनवरचा आकडा शून्यावर होता. अर्धवट काम ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. माळ्यावर गोणपाटाखाली गाव सापडलं. फळीच्या मागच्या बाजूला खिळ्यानं एक रेघ ओढलेली होती आणि तिच्याखाली मामांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'वर जाताना हितवर थांब, बावीस वेढे'. म्हणजे खाली अंधारात बसून ते बावीस मोजत होते. भाऊजींनी ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "चुकलं म्हणाले होते ना गं?"

देवळाची पायरी एका बाजूनं खचलेली आहे. मांजराचा एक कान गेला आहे. बारवेजवळच्या घरापुढं लिंब आहे. तो मामांनी नंतर केलेला दिसतो, त्याची माती वेगळ्या रंगाची आहे.

दुकान आता भाड्यानं जाईल. गाव मी माझ्याकडं आणलं आहे. ते कोरडं आहे.